त्रिकोणमितीचा तास आणि दिशेचे गणित

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आमच्या गणिताच्या सरांनी दहावीत सोडवून घेतलेल्या एका उदाहरणाविषयीच लिहावे असे मला वाटते, कारण पुढे भूमापनाच्या नोकरीत ज्या आकडेमोडीत माझे आयुष्य गेले, तिचा पाया त्यात होता. पाठ्यपुस्तकातील त्रिकोणमिती मनोऱ्याची उंची आणि उन्नत कोन यांपाशी थांबत असे. सरांनी मात्र तोच काटकोन त्रिकोण नकाशावर आडवा ठेवला आणि मुंबईहून नागपूर नेमके कोणत्या दिशेला आहे, असे विचारले.

दोन्ही शहरांच्या अक्षांशांतील फरक सुमारे २.१८ अंश, म्हणजे उत्तरेकडे २४२ किलोमीटर. रेखांशांतील फरक ६.२६ अंश, परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळजवळ येत जात असल्यामुळे त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते, तेव्हा पूर्वेकडचे अंतर सुमारे ६५३ किलोमीटर भरते. पूर्वेच्या अंतराला उत्तरेच्या अंतराने भागले की २.७० येतात आणि ज्याचे टॅन २.७० तो कोन ६९.७ अंशांचा. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेला हाच दिगंश. मोजणीच्या कामात आम्ही त्याला बेअरिंग म्हणतो.

मग सरांनी नागपूरहून मुंबईकडची दिशा काढायला सांगितली, आणि खरा धडा तेथे होता. आता दोन्ही अंतरे ऋण, तरी भागाकार तोच २.७०, टॅनच्या कोष्टकाला विरुद्ध दिशांतला भेद कळतच नाही. म्हणून भागण्यापूर्वी चिन्हे पाहून चरण, म्हणजे दिशांच्या चार चतुर्थांशांपैकी नेमका कोणता, ते ठरवायचे आणि दोन्ही ऋण असतील तर १८० मिळवायचे, हे सरांनी आकृती काढून पटवले, पाठ करू दिले नाही. उत्तर २४९.७ अंश. आजच्या संगणकीय आज्ञावलीलाही दोन्ही अंतरे चिन्हांसह वेगवेगळीच द्यावी लागतात.

पृथ्वीच्या गोलाईमुळे हे उत्तर वाटेच्या मध्यावरील दिशेचे आहे, हेही सरांनी सांगितले. सर्वांत जवळच्या मार्गाने मुंबईहून निघताना दिगंश सुमारे ६८.६ अंश असतो, तर नागपूरहून परतताना २५०.७, म्हणजे दोहोंत १८० नव्हे, सुमारे १८२ अंशांचे अंतर पडते. आपल्या अक्षांशांवर पूर्व-पश्चिम एका किलोमीटरमागे ही तफावत जेमतेम १२ सेकंदांची (येथे सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), त्यामुळे शेताच्या मोजणीत ती कोणी धरत नाही. परंतु लांब कालव्याच्या आखणीत मधल्या ठाण्यावर सूर्यावरून उत्तर दिशा नव्याने ठरवली, तर ही दुरुस्ती केल्याशिवाय आकडे जुळत नाहीत.