आम्ही ड्रुपलच का धरून बसलोय
कोथरूडला आमचं सहा जणांचं ऑफिस, आणि आम्ही ड्रुपल (वेबसाइट बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) सोडून दुसऱ्या कशात साइट करत नाही, ठरवूनच. २००१ पासून हे जीपीएल लायसन्सखाली आहे, म्हणजे कोड कुणीही वापरावा, बदलावा, पुढे द्यावा अशी परवानगी, त्यामुळे क्लायंट उद्या आम्हाला सोडून गेला तरी साइट त्याचीच, दुसऱ्या कुणाकडूनही काम करून घेऊ शकतो, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ५ जानेवारी २०२५ ला ड्रुपल ७ चा सपोर्ट संपला, त्याआधी आम्ही जुन्या साइट हलवल्या, लय काम होतं ते. शुक्रवारी दुपारी मात्र बिलाचं काम बंद, फक्त ड्रुपलसाठी पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, आणि मराठी भाषांतर. परवा एका मॉड्यूलमध्ये (ड्रुपलला जोडायच्या भागात) मराठी पानावर महिना इंग्रजीत दिसत होता, आमच्यातल्या सगळ्यात नव्या पोरीने तीन तास बसून पॅच केला आणि तो स्वीकारला गेला तेव्हा सगळे तिच्या स्क्रीनभोवती उभे होते, चहा तसाच गार झाला.