पाठ पिवळी पडेपर्यंत

मे महिन्यात टोचलेल्या बियांची सूर्यफुलं ऑगस्टअखेर माझ्या डोक्याच्या वर गेली. फोटो पाहून घरच्यांनी विचारलं, "आता पुढे काय?" पुढे राखण!

पाकळ्या वाळल्या म्हणजे बी तयार झालं, असा माझा समज होता. मागच्या वर्षी त्याच भरात तीन कणसं कापली आणि हाती आली पांढुरकी, पोचट टरफलं. खरी खूण असते कणसाच्या पाठीवर. ती हिरवी असेतो हात लावायचा नाही. पिवळी पडून तपकिरी व्हायला लागली की कापायचं. दाणे कडेकडून मध्याकडे भरत जातात, त्यामुळे अगदी मधले काही पोचट निघतात. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नये.

अडचण एवढीच, की दाणा भरल्याचं पाखरांना आणि खारींना आपल्या आधी कळतं. म्हणून यंदा प्रत्येक कणसाला पातळ सुती फडकं बांधलं. प्लास्टिकची पिशवी नकोच, आत दमट होऊन बुरशी धरते. मुंडासं बांधलेल्या बुजगावण्यांची ती रांग बघून शेजारच्या आजी कुंपणापाशी थांबून पोटभर हसल्या.

हातभर देठ ठेवून कापलेली कणसं गॅरेजमध्ये दोनेक आठवडे उलटी टांगली. मग मळणी! दोन कणसं एकमेकांवर घासली की बिया सरसर पडतात. पाखडायला इथे सूप कुठलं? या ताटातून त्या ताटात, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून. निम्मा कचरा माझ्या केसांत.

पेरणीच्या बिया आधीच बाजूला काढल्या. (मूळ बियाणं संकरित असेल, तर पुढची फुलं तशीच येतील अशी आशा धरू नका.) बाकीच्या रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवून, निथळून, कोरड्या केल्या आणि ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सियसला अर्धा-पाऊण तास, मधूनमधून हलवत भाजल्या. नुसता गर हवा असेल तर कच्च्या बिया लाटण्याने हलक्या चेचून पाण्यात टाकाव्यात: टरफलं तरंगतात, गर तळाशी बसतो. तेलामुळे तो लवकर खवट होतो, म्हणून वाळवून फ्रीजमध्ये.

एक कणीस कुंपणाला बांधून ठेवलं, पाखरांचा वाटा म्हणून. दहा मिनिटांत खार हजर. सगळी टरफलं तिने खालच्या वाफ्यात टाकली. त्यांतल्या द्रव्यांनी इतर रोपांची वाढ खुंटते, म्हणून आता मी ती एकेक वेचतेय आणि ती वरून नवीन टाकतेय.