रक्ताचे पाकीट आणि नमुना मोहोर

सांधेदुखीसाठी एका फिरत्या औषधविक्याकडून घेतलेले भस्म सुरू केल्यानंतर राजापूर तालुक्यातील आमच्या काकांना असह्य पोटशूळ आणि पायांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांना जड धातूंच्या विषबाधेचा संशय आला आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी वैद्यकीय-कायदेशीर केस, नोंदवली गेली. भरती, जबाब, पंचनामा सुरळीत झाले. अडले ते तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवायचे रक्ताच्या नमुन्याचे पाकीट.

पाकिटावर लाखेची मोहोर होती, मात्र त्याच मोहरेचा कागदावरचा वेगळा ठसा, म्हणजे नमुना मोहोर, सोबतच्या पत्राला जोडलेला नव्हता. त्यामुळे हवालदार पाकीट ताब्यात घेईनात आणि त्यांचे म्हणणे रास्तच होते, कारण दोन्ही ठसे जुळल्याशिवाय पाकीट वाटेत कोणी उघडले नाही हे न्यायालयात सिद्ध होत नाही. मोहोर कपाटात, किल्ली एका कारकुनाकडे आणि ते रजेवर. "उद्या या" एवढेच उत्तर मिळत राहिले. शेवटी "रक्त पुन्हा घेऊ" असे सुचवले गेले तेव्हा माझा संयम सुटला. शिसे रक्तात काही आठवडे तरी सापडते; आर्सेनिक मात्र लवकरच लघवीवाटे निघून जाते, मग नव्या रक्तात ते कुठून दिसणार? मी थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी दुसऱ्या किल्लीने कपाट उघडवले, कागदावर तांबडी लाख ओतून ठसा उमटवला आणि तिथेच सही केली. तेव्हा कुठे पाकीट मुंबईला निघाले.

अहवालात शिसे बरेच वाढलेले निघाले आणि उपचारांची दिशा ठरली.

रक्त देताना गडद निळ्या झाकणाची, धातूविरहित नळी आहे ना, हे विचारा. हे धातू डेसिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, त्यामुळे साध्या नळीतून आलेला अंशही निकाल बिघडवतो. शिसे मुख्यतः तांबड्या पेशींत असते, म्हणून सीरम, म्हणजे रक्तातला पेशींविना उरणारा पातळ भाग, वेगळे न करता अख्खे रक्तच पाठवावे लागते. आणखी एक, जे आपल्या किनाऱ्यावर कोणी विचारत नाही: काकांनी आदल्या रात्री बांगडा खाल्ला होता. मासळीतील आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी प्रकारचे असते, तरी एकूण आकडा वाढवते. म्हणून मासे केव्हा खाल्ले ते पत्रात लिहूनच घ्या आणि लघवीचाही नमुना द्या. भस्माची उरलेली पुडी टाकू नका, ती पोलिसांकडेच द्या. तिलाही वेगळी मोहोर आणि वेगळा नमुना ठसा लागतो.