काचेचा तंतू आणि खाडीतला आवाज

ऐरोलीत, ठाणे–वाशी रेल्वेमार्गापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत, मी आणि माझे दोन विद्यार्थी गेले काही महिने प्रकाशतंतूने (ऑप्टिकल फायबरने) पाण्यातला आवाज टिपण्याच्या खटपटीत आहोत. तंतूला ऐकू येते याची खात्री पहिल्याच आठवड्यात पटली. पण नको ते वगळून हवे तेवढेच त्याच्याकडून वदवून घ्यायला फार दिवस लागले.

रचना अशी : १५५० नॅनोमीटरच्या लेसरचा प्रकाश कपलरमध्ये, म्हणजे तंतूंच्या जोडणीत, दोन तंतूंत विभागायचा, एक तंतू पातळ भिंतीच्या पोकळ नळीवर गुंडाळून पाण्यात सोडायचा, दुसरा बाहेर शांत ठेवायचा आणि दोन्हींच्या टोकांवरच्या आरशांवरून परतलेला प्रकाश पुन्हा एकत्र आणायचा. ध्वनीच्या दाबाने नळी किंचित आवळते किंवा फुगते, तिच्याबरोबर तंतूची लांबी बदलते आणि प्रकाशाची कला (फेज), म्हणजे त्याच्या लहरीची चढउतारातली स्थिती, सरकते. नुसता तंतू पाण्यात सोडला तर काच ताठ असल्यामुळे त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. नळीवर मात्र प्रत्येक वेढ्याचा सूक्ष्म ताण बेरजेत येतो. प्रकाशतंतूने पाण्यातला ध्वनी टिपता येतो, हे १९७७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील बुकारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते.

आम्ही चाळीस मीटर तंतू हातानेच गुंडाळला. वेढ्याला वेढा चिकटून बसला पाहिजे, एकावर एक चढता कामा नये, आणि ताण सर्वत्र सारखा हवा. पहिल्या नळीवर शेवटच्या काही वेढ्यांना ताण जास्त पडला आणि सकाळी येऊन पाहतो तर तंतू तुटलेला होता. आवरण सोललेली ती काच अवघ्या १२५ मायक्रॉन जाडीची, केसाएवढी असते. तिला घाई मुळीच सहन होत नाही.

दुसरी नळी पाण्याच्या निळ्या पिंपात सोडून स्पीकरवर सूर लावला, तेव्हा पडद्यावर त्या सुराआधी पंख्याची थरथर दिसली, मग लोकलची. तापमानाचा त्रास वेगळाच. एक मीटर तंतूचे तापमान एका अंशाने वाढले, तर त्यातून एकदा जाणाऱ्या प्रकाशाची कला सुमारे सात पूर्ण फेरे फिरते. आमच्याकडे तर चाळीस मीटर तंतू होता आणि प्रकाश त्यातून जाऊन परत येत होता. तापमानाच्या या संथ सरकण्यात व्यतिकरणाचा, म्हणजे दोन्ही प्रकाश मिळून होणाऱ्या उजेड-अंधाराच्या चढउताराचा, बिंदू शिखरावर किंवा तळाशी पोचला, की पाण्यात सूर चालू असूनही पडद्यावरून तो जवळजवळ नाहीसा होई. शेवटी तीन-बाय-तीन कपलर लावून परतणारा प्रकाश एकमेकांपासून १२० अंशांनी सरकलेल्या तीन रूपांत घेतला, म्हणजे एक रूप आंधळे झाले तरी उरलेल्या दोघांवरून कला काढता येते. त्या संध्याकाळी ५०० हर्ट्झचा सूर न तुटता उमटला, तेव्हा आम्हाला झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे.

दाबविद्युत (दाबाने वीज निर्माण करणाऱ्या) सिरॅमिकचे हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, बाजारात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असे अनेकजण विचारतात. पाण्यातल्या टोकाला वीज लागत नाही आणि एकाच तंतूवर अनेक संवेदक ओवता येतात, ही माझ्या दृष्टीने पुरेशी कारणे आहेत. वेगळ्या पद्धतीने, तंतूतून मागे विखुरणारा प्रकाश मोजून, २०२० मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळ समुद्रतळावरच्या दळणवळणाच्या केबलवरच देवमाशांचे आवाज नोंदवले गेले.

आता ठाण्याची खाडी. दिवा कोळीवाड्यातल्या एका होडीवाल्या काकांना नळी दाखवली, तेव्हा त्यांनी उधाणाच्या दिवसांत ती सोडू नका, भांगाची, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते त्या दिवसांची, वाट पाहा, असे बजावले. पाण्याची ओढ कमी असली की नळीभोवती खळखळ होत नाही, हे त्यांना उपकरणाशिवाय ठाऊक होते. नळीची टोके इपॉक्सीने बंद करून ठेवली आहेत. येत्या अष्टमीला भरती थांबण्याच्या सुमारास ती त्यांच्याच होडीतून पाण्यात सोडणार आहोत.