तासाभराचा ख्याल, तीन मिनिटांचं नाट्यपद आणि खिशातला प्लेअर

गाणी ऐकायचा खिशातला प्लेअर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "आवाज कुठल्याचा चांगला?" हा प्रश्न आता बराचसा सुटलेला आहे. नावाजलेल्या कंपनीच्या साध्या प्लेअरमधली चिपसुद्धा इतकी स्वच्छ वाजते की ऐकू येणारा फरक पडतो तो मुख्यतः हेडफोनमुळे. अडतं ते दुसरीकडे. मैफलीचं रेकॉर्डिंग अर्ध्यावर सोडलं तर उद्या तिथूनच सुरू होतं का? विलंबितातून द्रुतात जाताना तानपुरा तुटतो का? 'विठ्ठल' स्क्रीनवर 'विठ्ठल' असाच दिसतो का? अभंग आपण लावलेल्या क्रमाने वाजतात का? खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं, आणि मराठी घरातला संग्रह ऐकायचा तर नेमकं हेच लागतं.

आधी सलग वाजण्याचं बघू. सीडीवर मैफल एकच असली तरी आलाप, विलंबित, द्रुत असे तिचे ट्रॅक पाडलेले असतात. सीडी प्लेअरवर ते सांधे ऐकू येत नाहीत. एमपी३ करताना मात्र आवाज ११५२ नमुन्यांच्या (नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप) ठोकळ्यांत बांधला जातो. शेवटचा ठोकळा पुरा भरला नाही की उरलेल्या जागेत शांतता भरतात, आणि सुरुवातीलाही एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम, थोडी शांतता घालतो. दोन्ही मिळून सेकंदाचा साधारण विसावा हिस्सा होतो, त्यात पुढची फाइल उघडायला प्लेअर लावतो तो वेळ वेगळा. दोन सुट्या गाण्यांमध्ये हे कळतही नाही. मागे तानपुरा चालू असला की मात्र स्पष्ट उचकी लागते, आणि ती एकदा ऐकू आली की पुढच्या प्रत्येक सांध्यावर कान तिचीच वाट बघतात.

लेमसारखा चांगला एन्कोडर ही शांतता नेमकी किती आहे ते फाइलच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. ती नोंद वाचून तेवढा भाग वगळणारा प्लेअर हवा. फ्लॅक या आवाजातलं काहीही न गमावता साठवणाऱ्या प्रकारात नमुने मोजून तेवढेच असतात, त्यामुळे ही अडचण मुळातच येत नाही. पण पुढची फाइल वेळेवर उघडली नाही तर प्लेअर तिथेही अडखळतो. सेटिंगमध्ये 'गॅपलेस', म्हणजे खंड न पडता वाजवणं, दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, एमपी३ आणि फ्लॅक दोन्ही लावून ऐका. आणि 'क्रॉसफेड' ही वेगळी गोष्ट आहे. ती एका ट्रॅकचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर चढवते, म्हणजे सांध्यावरच्या मात्राच कमी होतात आणि ठेका मोडतो. रागसंगीत ऐकताना ती कायम बंद ठेवावी.

दुसरी गोष्ट सोडलेल्या जागेवरून पुन्हा सुरू होण्याची. यात दोन प्रकार आहेत. प्लेअर बंद करून चालू केला की शेवटची फाइल तिथूनच सुरू होणं, हे बहुतेकांना जमतं. पण मधे दुसरं काही ऐकून पुन्हा त्या कीर्तनाकडे किंवा प्रवचनाकडे आलात तर? प्रत्येक फाइलची जागा वेगळी लक्षात ठेवणारे प्लेअर कमी आहेत. सॅनडिस्कच्या क्लिप मालिकेत 'ऑडिओबुक' आणि 'पॉडकास्ट' फोल्डरमधल्या फाइलींपुरती ही सोय असते, म्हणून तासाभराचे ख्याल त्यात टाकायचे. जुन्या आयपॉडमध्ये ट्रॅकच्या माहितीत 'जागा लक्षात ठेव' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो आयट्यून्समधून चालू करावा लागतो. रॉकबॉक्स हे मुक्त फर्मवेअर (प्लेअरच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी घालायचं सॉफ्टवेअर) घातलेल्या प्लेअरवर तर हव्या तिथे खूण ठेवता येते. याच्या जोडीला लांब फाइलमध्ये पुढे सरकणं कसं आहे तेही बघा. बटण दाबून धरल्यावर वेग हळूहळू वाढला पाहिजे, नाहीतर पन्नासाव्या मिनिटाला पोचेपर्यंत अंगठा दुखतो. बदलत्या बिटरेटची (सेकंदाला कमीजास्त बिट वापरणारी) एमपी३ कधी कधी एकूण वेळच चुकीची दाखवते आणि भलतीकडे उडी मारते. तिथे दोष प्लेअरचा नसतो, फाइलच्या सुरुवातीची नोंद गहाळ झालेली असते. फूबार२००० या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये एमपी३ ची ही नोंद दुरुस्त करण्याची सोय आहे.

देवनागरीचा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो, कारण संग्रहातलं नाव वाचता आलं नाही तर तो संग्रह आपला राहत नाही. बिघाड तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींवर उपाय वेगळा. चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर बहुधा प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नाही. तिथे काही करता येत नाही, नावं रोमन लिपीत लिहावी लागतात. फाइलच्या नावात अक्षरं नीट दिसतात पण गाण्याच्या माहितीत अगम्य चिन्हं येतात, तेव्हा टॅगची, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेल्या या माहितीची, पद्धत प्लेअरला कळलेली नसते. एमपी३टॅग या मोफत प्रोग्रॅमच्या टूल्स, ऑप्शन्स, टॅग्ज, एमपेग या पानावर लिहिण्याची पद्धत 'आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६' अशी निवडा, सगळ्या फाइली निवडून पुन्हा सेव्ह करा. जुने प्लेअर ही पद्धत बहुधा ओळखतात. तिसरा प्रकार फसवा आहे: अक्षरं सगळी आहेत, पण जुळलेली नाहीत. 'वि'ची वेलांटी व च्या आधी येण्याऐवजी त्याच्यानंतर उमटते, ठ ला ठ जोडला न जाता मधे पाय मोडलेला दिसतो. फॉन्ट आहे, पण अक्षरजुळणी करणारं सॉफ्टवेअर नाही. ॲन्ड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये हा त्रास येत नाही. लहान, स्वतःची सिस्टिम असलेल्या प्लेअरमध्ये अनेकदा येतो. 'मारवा', 'पूरिया', 'नाट्यपदे' आणि 'विठ्ठल' ही चार नावं दिली की लगेच निकाल लागतो. पहिलं सरळ आहे, दुसऱ्यात वेलांटीची परीक्षा होते, आणि खरी परीक्षा जोडाक्षरं असलेल्या शेवटच्या दोघांची. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी नावं असतील तर ती कुठल्याच प्लेअरवर वाचता येणार नाहीत, ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागतात.

क्रमाचं थोडक्यात. फाइलींना १, २, ३ असे आकडे दिले की अनेक प्लेअर १ नंतर १० वाजवतात, म्हणून ०१, ०२ असं लिहा. शंभराच्या वर संख्या जात असेल तर ००१. आकडे देवनागरीत न देता इंग्रजी अंकांत (01, 02) द्या. इतकं करूनही क्रम चुकला तर तो प्लेअर नाव न बघता कार्डावर फाइली ज्या क्रमाने चढल्या त्या क्रमाने वाजवतोय. मग फोल्डर रिकामं करून फाइली एकेक करून क्रमाने चढवायच्या, किंवा फॅटसॉर्टसारख्या प्रोग्रॅमने कार्डावरची यादीच लावून घ्यायची. मॅकवरून फाइली चढवल्या तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या छुप्या फाइली सोबत जातात. त्या न वाजणारे ट्रॅक म्हणून यादीत दिसतात, त्या काढून टाकाव्या.

आता जागेचा हिशेब. सीडीचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट, म्हणजे मिनिटाला सुमारे १०.६ एमबी. तासाभराचा ख्याल कच्चा ठेवला तर ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये त्याच्या साधारण निम्मा, ३२० च्या एमपी३ मध्ये १४४ एमबी आणि १२८ च्या एमपी३ मध्ये ५८ एमबी. १२८ वर पैसे आणि जागा वाचते, पण तानपुऱ्याची जवारी तिथेच मरते. तिचे वरचे स्वर दाट आणि सतत हलते असतात, एन्कोडर ते उचलून टाकतो आणि खाली राहते ती नुसती गुणगुण. तबल्याचा 'ना' किंवा 'ता' वाजण्याच्या किंचित आधी एक फुसकारा ऐकू येतो तोही याच कंजूषपणातून, कारण एन्कोडरची चूक त्याच्या अख्ख्या ठोकळ्यावर पसरते आणि आघाताच्या आधीच्या शांततेत उघडी पडते. ३२० वर हे बहुतेकांना जाणवत नाही. घरी मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी आणि प्लेअरवर जागेप्रमाणे काय ते न्यावं.

७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेल्या नाट्यपदांसाठी मात्र २४ बिट ९६ किलोहर्ट्झ या सीडीहून मोठ्या मापाची हाव धरू नये. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत, आवाज एकाच वाहिनीचा, आणि खरखर धरून तिच्यात जे आहे ते सीडीच्या मापात पूर्ण बसतं. त्या पदांना लागते ती आवाजाची पातळी सारखी करण्याची सोय, रीप्लेगेन. जुनं पद हळू, पुढचं नवं भक्तिगीत कानठळ्या बसवणारं, ही कसरत तिने थांबते. पातळी संगणकावर मोजून टॅगमध्ये लिहायची. प्लेअर ती वाचतो की नाही एवढं बघायचं.

कार्ड घेताना वेगाच्या चिन्हांना भुलू नका. फ्लॅकला सेकंदाला १५० केबीसुद्धा पुरतं, त्यामुळे साधं क्लास १० कार्ड भरपूर झालं. जपायचं ते बनावट कार्डापासून. ते १२८ जीबी दाखवतं, प्रत्यक्षात ८ जीबीच असतं, आणि पुढच्या फाइली चढल्यासारख्या दिसून वाजत नाहीत. नवं कार्ड आणल्यावर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३ चालवून ते पूर्ण भरून, वाचून तपासा. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, लागू द्या. खऱ्या १२८ च्या कार्डावर संगणक ११९ जीबीच्या आसपास दाखवतो, ते मोजण्याच्या पद्धतीमुळे. ती फसवणूक नाही. '३२ जीबीपर्यंत' असं लिहिलेले बरेच प्लेअर ६४ किंवा १२८ चं कार्डही घेतात, फक्त ते एक्सफॅटऐवजी फॅट३२ मध्ये (या दोन्ही कार्डावर फाइली मांडण्याच्या पद्धती) फॉरमॅट करावं लागतं. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी बराच काळ ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नव्हती, त्यासाठी गुईफॉरमॅट हा प्रोग्रॅम वापरतात.

हेडफोनशी जोडी जमवणं हा पुढचा भाग. खोक्यावर '३२ ओहमला ३० मिलिवॅट' असं असलं तर प्लेअर साधारण १ व्होल्ट देतो. ३०० ओहमच्या सेनहायझर एचडी ६०० सारख्या हेडफोनमध्ये तेवढ्याच व्होल्टमधून जेमतेम ३.३ मिलिवॅट जातात. मोठा आवाज मिळतो, पण हळू रेकॉर्ड झालेल्या मैफलीला तो अपुरा पडतो. कानात घालायच्या १६ ओहमच्या इअरफोनला उलट त्रास. तिथे १ मिलिवॅटलाच १०० डेसिबलच्या वर आवाज जातो, त्यामुळे ताकदीचा प्रश्न नाही, पण प्लेअरची सूं सूं ऐकू येते आणि आवाजाची पहिलीच पायरी मोठी पडते. प्लेअरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, म्हणजे १६ ओहमला २ च्या आत. जास्त असला तर आत अनेक ड्रायव्हर (छोटे स्पीकर) असलेल्या इअरफोनचा स्वरच बदलतो. जास्त ताकद देणारं ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड भोक ३०० ओहमसारख्या मोठ्या हेडफोनलाच उपयोगी, साध्या इअरफोनसाठी त्याचे पैसे देऊ नयेत. आणि ऐकण्याची मर्यादा: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० ला फक्त ४ तास.

ॲन्ड्रॉइडचा प्लेअर घ्यावा का? देवनागरी नीट हवी आणि ऑनलाइन सेवेवरची गाणी उतरवून ठेवायची, तर हो. सोनीच्या एनडब्ल्यू-ए३०६ सारख्यात ३.६ इंची स्क्रीन, ३२ जीबी आणि कार्डाची जागा आहे. त्या ३२ पैकी बरीच जागा सिस्टिमच घेते हे धरून चाला. तोटा असा की पडून राहिला तरी बॅटरी उतरते, आणि ॲन्ड्रॉइड जुनं झालं की एकेक ॲप बंद पडत जातं. साध्या सिस्टिमचा प्लेअर आठवडाभर कपाटात राहिला तरी वाजतो, आणि खऱ्या बटणांमुळे लोकलच्या गर्दीत खिशातून न काढता गाणं बदलता येतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यायचा असेल तर बटणांनाच पहिला मान द्या. एफएम लागणार असेल तर लक्षात ठेवा, हेडफोनची वायरच त्याची एरियल असते; ब्लूटूथवर ऐकायचं म्हटलं तरी वायर खोचलेली लागते.

जुना आयपॉड क्लासिक कुणी देत असेल तर कानाला लावून बघा. डिस्क टकटक करत असेल किंवा मागचा पत्रा फुगल्यासारखा वाटत असेल तर तो सोडा. फुगवटा बॅटरीचा असतो, तो दाबून बसवायचा नाही. फ्लॅक तो मूळ रूपात वाजवत नाही, फाइली अलॅक या ॲपलच्या तशाच प्रकारात बदलाव्या लागतात. रस्त्यावरच्या स्वस्त 'एमपी४ प्लेअर'ला तर एमपी४ हे नावापुरतंच असतं. त्यातले कित्येक फक्त एएमव्ही हा टिकलीएवढ्या चित्राचा प्रकार दाखवतात आणि प्रत्येक व्हिडिओ आधी त्यात बदलून घ्यावा लागतो. व्हिडिओ बघायचा असेल तर फोनच बरा.

दुकानात जाताना खिशात एक कार्ड न्या. त्यावर एका मैफलीचा सलग भाग ऑडॅसिटी या आवाज कापण्याच्या मोफत प्रोग्रॅममध्ये तानपुरा चालू असतानाच मधोमध कापून केलेले दोन तुकडे ठेवा, एकदा एमपी३ मध्ये आणि एकदा फ्लॅकमध्ये. तासाभराची एक फाइल, वर सांगितलेली चार देवनागरी नावं टॅगमध्ये असलेल्या चार फाइली, ०१ ते १२ क्रमांकाचं एक फोल्डर, आणि दोन मिनिटांची शांतता असलेली एक फाइल. ती शांतता स्वतःचेच इअरफोन लावून ऐका. चिप झोपी जाऊ नये म्हणून तिच्यात अगदी हळू एखादा स्वर टाकलेला बरा, नाहीतर काही प्लेअर शांततेत आउटपुटच बंद करतात आणि सूं सूं लपून राहते. तासाच्या फाइलमध्ये चाळिसाव्या मिनिटाला जा, दुसरं काही वाजवा, प्लेअर पूर्ण बंद करा, पुन्हा त्या फाइलवर या. ऑनलाइन मागवणार असाल तर हीच तपासणी परतीची मुदत संपायच्या आत, खोकं न फाडता करा.