मारुती ८०० अपडेट: खालचा होज सापडला, घाट अजून बाकी

इंजिनचं हेड उघडायचं नाही! आधी हेच सांगतो, कारण गाडी घाट चढताना तापते असं मागच्या वेळी लिहिलं तेव्हा मी हेड गॅस्केटचे (इंजिन आणि हेडमधल्या सीलचे) पैसे बाजूला काढायला लागलो होतो.

रेडिएटरची कॅप नवी, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याला वाट देणारा वॉल्व्ह) नवा (८२ अंशांचा, पातेल्यात उकळून तपासलेला), कूलंट नवं, फॅन वेळेवर लागतो. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभी राहिली तरी तापमानाचा काटा मध्यावर. पण वडकी सोडून दिवे घाटाला लागलो की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर काटा चढलाच. गॅरेजवाला ऐकून घ्यायलाच तयार नव्हता, "गॅस्केट गेलंय, हेड काढा." पण गॅस्केट गेल्याची एकही खूण नव्हती: ऑइल कॅपखाली पांढरा थर नाही, थंड इंजिन रेडिएटरची कॅप काढून सुरू केलं तर बुडबुडे नाहीत, पाणी कमी होत नाही. उभ्या उभ्या तापली असती तर फॅनवर संशय घेतला असता. चढावर तापते म्हणजे पाणी फिरण्यातच कुठेतरी अडतंय, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

रविवारी सकाळी इंजिन पूर्ण गरम केलं, बायकोला ॲक्सिलरेटरवर बसवलं आणि मी टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकलो. आयडलला सगळं ठीक. रेस वाढली तसा खालचा होज (रेडिएटरमधून पंपाकडे पाणी नेणारा रबरी पाइप) डोळ्यांसमोर आत ओढला गेला, चोखून संपत आलेल्या पेप्सीकोलाच्या पिशवीसारखा. पाय काढला की पुन्हा गोल. तीनदा करायला लावलं, तिन्ही वेळा तेच. सहा महिन्यांत पहिल्यांदाच खरा चोर दिसला!

गाडी थंड झाल्यावर होज काढला. आतल्या स्प्रिंगचा पार चुरा झालेला. पंपाकडे काही गेलं नाही ना, या धास्तीने सगळे तुकडे वर्तमानपत्रावर ओळीने लावले. नशिबाने जवळजवळ पूर्ण लांबी भरली.

नाना पेठेत पहिल्या दुकानात बिनस्प्रिंगचा होज पुढे केला, "हल्ली लागत नाही हो." घेतला नाही. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी जुना होज अंगठ्याने दाबून पाहिला आणि न विचारता जाड होज आणि स्टीलची स्प्रिंग काढून दिली. जुना नमुना सोबत न्या, अंदाजाने आणू नका. आणि जुबली क्लिप (होज आवळणारी पट्टी) चांगलीच घ्या, हलक्या क्लिपा रबर कापतात. होज, स्प्रिंग, क्लिपा मिळून चारशेच्या आत.

संध्याकाळी लगेच घाट. मस्तानी तलाव दिसू लागला तरी काटा हलला नाही. बाबांच्या हातची ही गाडी इतक्या शांतपणे घाट चढताना कित्येक वर्षांनी पाहिली, फार बरं वाटलं. शेवटच्या वळणांवर मात्र काटा त्याच्या जाडीइतका वर सरकला. वर पोहोचल्यावर परत खाली आला, पण सरकला.

घरी येताना तोच विचार. पंपाला एवढं ओढावं का लागतंय? होज नरम होता हे खरं, पण वरून पाणीच कमी येत असेल तर? इन्फ्रारेड थर्मामीटर इंजिनच्या बाजूने रेडिएटरवर फिरवला. वर ८६ अंश, मध्ये ७० च्या आसपास, आणि खालच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढा भाग फक्त ४१. तिथे पाणी फिरतच नाहीये. बाबांनी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं, त्याचा क्षार बसला असणार.

लिंबूसत्व विकत घेऊन ठेवलंय. गाडीतच भरून वीस मिनिटं चालवायचं आणि भरपूर धुवायचं, असं ठरलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, ते सुटलेलं सगळं पंपातून आणि हेडमधून का फिरवू? रेडिएटर खालीच उतरवतो. आधी खालच्या तोंडातून पाइपने उलटं पाणी सोडतो, नुसता गाळ असेल तर तेवढ्यानेच निघेल. मग लिंबूसत्वाचं पाणी फक्त रेडिएटरमध्ये. तरीही तो कोपरा थंड राहिला तर टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवणाऱ्याकडे नेतो. आपला जुना तांब्या-पितळेचा आहे, त्यामुळे ते काम होतं. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं.

शनिवारी उतरवतोय. ४१ चा आकडा कुठे जातो ते कळवतो.