पिवळी पेटी आणि बावीस नंबरची ट्रॅम

प्रागला उतरल्यावर पहिलं काम केलं ते 72 तासांचं तिकीट काढलं, मेट्रो ट्रॅम बस सगळ्याला तेच चालतं. पण नुसतं काढून भागत नाही, ते पिवळ्या पेटीत सारून पंच करायचं, मग त्यावर तारीख आणि वेळ उमटते आणि तिथून 72 तास मोजायचे. ती पेटी बघून मला एकदम डोंबिवली स्टेशनावरची कूपन पंच करायची मशीन आठवली, ती सीव्हीएम, निम्म्या वेळा छापलेलं दिसायचंच नाही आणि मागची बाई "अहो चला ना" करत असायची. इथे मागे कुणीच नव्हतं, तरी मी घाईघाईतच पंच केलं.

पुढे गेट वगैरे काही नाही, सरळ आत! तसं लोकललाही गेट नसतं म्हणा. नवऱ्याला मात्र राहवेना, ट्रॅममध्ये पिवळी पेटी दिसली की लगेच तिकीट पुढे करायचा. पंच एकदाच करायचं असतं, परत केलं तर तिकीट बाद. शेवटी त्याचं तिकीट मी माझ्याच पर्समध्ये ठेवून घेतलं.

मेट्रोच्या तीनच लाइनी, ए हिरवी, बी पिवळी, सी लाल, त्यात लाल सगळ्यात जुनी, 1974 ची, त्यामुळे चुकायला फारसा वाव नाही. पण खोली! नामेस्ती मीरू स्टेशन 53 मीटर खाली आहे आणि तिथला सरकता जिना 87 मीटर लांब, दोन मिनिटं नुसतं उभं राहून खाली जात राहायचं, समोरून वर येणारे लोक निवांत पुस्तक वाचतायत आणि मी आपली कठडा घट्ट धरून.

दारं बंद व्हायच्या आधी एक बाई रेकॉर्डेड आवाजात चेक भाषेत सांगते, "उकोन्चेते प्रोसीम वीस्तुप अ नास्तुप, द्वेर्झे से झावीरायी". पहिल्या दिवशी नुसती गडबड ऐकू आली. दुसऱ्या दिवशी कानाला 'द्वेर्झे' लागलं आणि डोक्यात ट्यूब पेटली, अरे हे तर आपलं द्वार! मग नादच लागला, द्वा म्हणजे दोन, त्र्शी म्हणजे तीन, स्तो म्हणजे शंभर, आपलं शत. इतक्या लांब येऊन शाळेतलं संस्कृत कामाला येईल असं वाटलं नव्हतं, आमच्या बाईंना कळवायला हवं.

मालोस्त्रान्स्का स्टॉपवरून 22 नंबरची ट्रॅम किल्ल्याकडे वळणावळणाने चढते तो प्रवास मला खरं सांगायचं तर किल्ल्यापेक्षा आवडला. फक्त सवयीचं काय करायचं, उतरायचा स्टॉप दोन स्टॉप लांब असतानाच मी उठून दारात उभी, पुढच्या माणसाला "उतरणार का?" विचारायचं तेवढं बाकी होतं. तो तर बटण दाबून आरामात उतरला, त्याच्यामागून त्याचा कुत्राही.

तीन दिवस कुणी तिकीट विचारलं नाही. पैसे भरलेत तर निदान बघा तरी, असं व्हायला लागलं होतं. शेवटच्या दुपारी साध्या कपड्यातल्या एका माणसाने बिल्ला दाखवला आणि मी एवढ्या उत्साहात दोन्ही तिकिटं काढून त्याच्यापुढे धरली की तोच जरा दचकला. एक सेकंद बघितलं, "द्येकुयी", म्हणजे धन्यवाद, म्हणाला आणि पुढच्या सीटकडे वळला.